एसीची जोडी जुळवताना

एसीच्या दुकानात भिंतीवर ओळीनं इनडोअर युनिटं लावलेली असतात आणि प्रत्येकावर ताऱ्यांचं लेबल असतं. गिऱ्हाइकाची नजर आधी तिथेच जाते. पाच तारे दिसले की निवड झाली, असं वाटतं. पण ते तारे त्या पांढऱ्या पेटीचे नसतात. ती पेटी, तिच्यासाठीच बनवलेलं आउटडोअर युनिट, ठरलेल्या मापाचा तांब्याचा पाइप आणि वजन करून भरलेला गॅस असा अख्खा संच प्रयोगशाळेत चालवून मोजतात, तेव्हा ते तारे मिळतात. घरी यातली एखादी गोष्ट बदलली तरी लेबल तेच राहतं, बिल मात्र वेगळं येतं.

नवीन एसी घेणाऱ्यांना आणि जुन्या एसीचं एकच युनिट निकामी झालेल्यांना, दोघांनाही ही कृती उपयोगी पडेल. क्रम बदलू नका. खरेदी तिसऱ्या पायरीवर आहे, आणि ती तिथेच असायला हवी.

१. खोलीची उष्णता मोजा

“शंभर फुटाला एक टन” हा बाजारातला हिशेब खोलीचं क्षेत्रफळ बघतो, ऊन बघत नाही. खालच्या मजल्यावरची पूर्वेकडची खोली आणि तेवढीच वरच्या मजल्यावरची पश्चिमेकडची खोली यांचा उकाडा एकसारखा कसा असेल? म्हणून कागद घ्या आणि उष्णता कुठून येते ते एकेक लिहा.

पुण्यातली १२ फूट बाय १० फुटांची झोपायची खोली घेऊ. सर्वांत वरचा मजला, पश्चिमेला नऊ इंची भिंत, तिच्यात दीड चौरस मीटरची साध्या काचेची खिडकी. एप्रिलमधल्या दुपारी तापलेल्या स्लॅबमधून साधारण ६५० वॉट उष्णता आत उतरते. पडदा नसलेल्या काचेतून ७०० वॉट. पश्चिमेच्या भिंतीतून २२५, बाकीच्या भिंतींतून १८०. दोन माणसांच्या अंगची २२०, पंखा आणि टीव्हीची १५०. दाराच्या फटीतून येणाऱ्या हवेची २२५. बेरीज २,३५० वॉट. हे आकडे ढोबळ आहेत, पण निर्णय घ्यायला तेवढे पुरतात.

एक टन म्हणजे ३,५१७ वॉट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्यावरून हे माप आलं. आपल्या खोलीची गरज भर दुपारीही पाऊण टनाच्या आत आहे. सुरुवातीला तापलेल्या भिंती थंड करायला आणि एखाद्या जास्तच कडक दिवसासाठी थोडा हात राखला, तरी एक टन भरपूर होतो. याच खोलीला दुकानदार दीड टन सांगण्याची शक्यता दाट असते.

२. आधी उष्णता कमी करा, मग यंत्र घ्या

वरच्या यादीत स्लॅब आणि काच मिळून १,३५० वॉट होतात, म्हणजे निम्म्याहून जास्त. या दोन्हींवर एसीपेक्षा पुष्कळ स्वस्त उपाय आहेत. गच्चीला पांढरा परावर्तक रंग द्या, किंवा चुन्याचे दोन हात मारा. पाऊस चुना धुऊन नेतो, तेव्हा दर वर्षी मार्चमध्ये हे काम पुन्हा करावं लागतं. खिडकीला सावली बाहेरून हवी: ताडपत्री, बांबूचा चिक, छज्जा, काहीही. आतला जाड पडदा उजेड अडवतो, पण काचेतून आत आलेली उष्णता खोलीतच राहते, हे लक्षात घ्या. दाराच्या खालच्या फटीला रबरी पट्टी लावा आणि एक्झॉस्ट फॅनचं भोक बंद करा.

सोसायटी गच्ची रंगवू देत नसेल, तर सर्वसाधारण सभेत तो विषय घ्याच. वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांचाच त्यात फायदा आहे.

३. क्षमता निवडा, तीही वॉटमध्ये

ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या लेबलवर थंड करण्याची क्षमता वॉटमध्ये छापलेली असते, पूर्ण भारावरची आणि निम्म्या भारावरची. “दीड टन” म्हणून विकले जाणारे दोन एसी वॉटमध्ये वेगवेगळे निघू शकतात. तेव्हा टन विसरा, वॉट वाचा.

त्याच लेबलवर आयएसईईआर हा आकडा असतो. हंगामभरात एसीनं जेवढी उष्णता बाहेर काढली, तिला त्यासाठी खाल्लेल्या विजेनं भागून तो काढतात. बाहेर २४ ते ४३ अंश तापमान आणि वर्षाला १,६०० तास वापर धरून हा हिशेब होतो. ताऱ्यांपेक्षा हा आकडा भरवशाचा, कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात. जुलै २०२२ मध्ये निकष बदलले तेव्हा आधी पाच तारे मिळवलेली मॉडेलं चार ताऱ्यांवर आली, यंत्र होतं तेच. म्हणून लेबलचा वैधतेचा काळ बघा आणि आयएसईईआरची तुलना करा.

गरजेपेक्षा मोठा एसी घेतला की काय होतं, ते मुंबई-कोकणात नीट कळतं. खोली झटकन थंड होते, कॉम्प्रेसर थांबतो, आणि हवेतला दमटपणा तसाच राहतो. पाणी निथळायला इनडोअर युनिटातल्या थंड कॉइलवरून हवा बराच वेळ जावी लागते. मग अंग चिकट वाटतं, म्हणून माणूस तापमान २० वर आणतो. इन्व्हर्टर एसी कॉम्प्रेसरचा वेग कमी करून हे बरंच सांभाळतो, पण त्यालाही खालची मर्यादा असते. तिच्याखाली तोही चालू-बंद होऊ लागतो.

विदर्भात गणित वेगळं आहे. एसीची जाहीर क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. नागपूरच्या ४५ अंशांत तेच यंत्र कमी उष्णता काढतं आणि जास्त वीज खातं. तिथे हिशेबापेक्षा थोडी जास्त क्षमता घेणं रास्त आहे. ४५ अंशांवर क्षमता किती उरते, हे कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा किंवा विक्रेत्याकडून लेखी मागा.

नागपूर-अकोल्याकडे घरात कूलर आधीपासून असतो, म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी: एकाच खोलीत कूलर आणि एसी एकत्र चालवू नका. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. तीच वाफ एसीला परत पाणी करून बाहेर काढावी लागते आणि एका लिटरला सुमारे ०.६८ युनिटइतकी उष्णता उपसावी लागते. कूलरनं तासाला पाच लिटर पाणी उडवलं, तर एसीचा जवळजवळ एक टन त्यातच गेला. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात खिडकी उघडून कूलर चालवा, त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. पावसाआधीचा दमट उकाडा सुरू झाला की कूलर बंद करा, खिडकी लावा आणि एसी सुरू करा.

४. दोन्ही युनिटं एकमेकांची आहेत का, ते बघा

एसीची वीज मुख्यतः कॉम्प्रेसर खातो, आणि त्याला किती कष्ट पडतात ते दोन कॉइलींच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. आतली कॉइल जितकी थंड व्हावी लागते आणि बाहेरची जितकी तापते, तितका चढ मोठा. कॉइल ऐसपैस असली की तीच उष्णता कमी फरकात इकडून तिकडे जाते. पाच ताऱ्यांच्या एसीचं आउटडोअर युनिट मोठं आणि वजनदार असतं, त्याचं एक कारण हेच.

आता बाहेरचं युनिट दीड टनाचं आणि आतलं एक टनाचं, अशी जोडी लावली तर? कॉम्प्रेसर भरपूर गॅस ओढतो, पण आतल्या छोट्या कॉइलला तेवढी उष्णता हवेतून घेता येत नाही. ती शून्याच्या खाली जाते, तिच्यावर बर्फ धरतो, हवा अडते आणि भिंतीवरून पाणी गळू लागतं. उलट केलं, म्हणजे आतलं मोठं आणि बाहेरचं लहान, तर कॉइल पुरेशी थंडच होत नाही. खोलीचं तापमान उतरतं, पण दमटपणा जात नाही.

इन्व्हर्टर एसीत आणखी एक अडचण आहे. दोन्ही युनिटांतली सर्किट बोर्डं एका तारेवरून एकमेकांशी सतत बोलत असतात. भलत्या मॉडेलचं बोर्ड ही भाषा ओळखत नाही. मग एसी एररचा कोड दाखवून बंद पडतो, किंवा मेकॅनिक बाजारातलं “युनिव्हर्सल” बोर्ड बसवतो आणि इन्व्हर्टरचा फायदाच संपतो.

तिसरी गोष्ट गॅसची. जुन्या एसीत आर-२२ असायचा. ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल कराराखाली त्याचा वापर मोडीत निघत आहे. आता बहुतेक नव्या घरगुती एसीत आर-३२ असतो, काहींत आर-४१० ए किंवा आर-२९०. आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून अधिक असतो आणि कॉम्प्रेसरचं तेलही वेगळं असतं. आर-२२ साठी बनलेलं जुनं इनडोअर युनिट नव्या आर-३२ आउटडोअरला जोडणं धोक्याचं आहे. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच, त्यामुळे हा प्रश्न बिलापुरता राहत नाही.

तेव्हा एसी घरी आल्यावर बसवायला सुरुवात होण्याआधीच हे करा. इनडोअरच्या बाजूला आणि आउटडोअरच्या मागे चिकटवलेल्या पट्ट्यांचे फोटो काढा. दोन्हींवरचा मॉडेल क्रमांक कंपनीच्या यादीत एकाच जोडीचा आहे ना, ते बघा. गॅसचं नाव, ग्रॅममधलं वजन आणि व्होल्टेज वाचा. इमारतीत एकाच दिवशी तीन-चार एसी बसत असतील, तर खोक्यांची अदलाबदल सहज होते. वॉरंटी कार्डावर दोन्ही अनुक्रमांक लिहून घ्या.

एकच युनिट मेलं असेल तर आधी त्याच मॉडेलचं दुसरं मिळतं का, ते कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा. मिळालं आणि एसी फार जुना नसेल, तर बदला. नाही मिळालं तर संच बदला. “चालतं हो, आम्ही नेहमी लावतो” या आश्वासनावर अर्धा जुना, अर्धा नवा एसी घेऊ नका. चालतं हे खरं असतं. कितीला चालतं, ते बिल आल्यावर कळतं.

५. पाइपचं माप सुतात

एसीच्या धंद्यात पाइप सुतात मोजतात. आठ सूत म्हणजे एक इंच. एक टनाला साधारणपणे दोन सूत आणि तीन सूत अशी जोडी लागते, दीड टनाला दोन आणि चार. बारीक नळीतून द्रव जातो, जाड नळीतून वायू परत येतो. नेमकं माप मात्र माहितीपुस्तिकेतलंच धरा, कारण कंपनीगणिक फरक असतो. एक टनाचा जुना पाइप भिंतीत गाडलेला आहे म्हणून दीड टनाचा एसी त्यालाच जोडला, तर परतीची नळी अरुंद पडते आणि कॉम्प्रेसरला जास्त ओढावं लागतं. जुन्या आर-२२ च्या पाइपात खनिज तेलाचा थर असतो. शक्य असेल तर पाइप नवाच घ्या आणि त्याची जाडी नव्या गॅसच्या दाबाला पुरते का, ते विचारून घ्या. पातळ पाइप स्वस्त मिळतो, गळतोही लवकर.

लांबी जरुरीपुरतीच ठेवा. उरलेल्या पाइपाची गुंडाळी करून आउटडोअरच्या मागे टांगायची पद्धत फार आहे. त्या प्रत्येक वळणात दाब वाया जातो. पण किमान लांबीही असते, अनेक कंपन्या तीन मीटर सांगतात. तीही पाळा.

पाइपाचं तोंड फुलवण्याचं काम, म्हणजे फ्लेअर, जवळ उभं राहून बघा. गळतीची सुरुवात बहुतेकदा इथेच होते. पाइप कटरनं कापायचा, हॅकसॉनं नाही. कापल्यावर आतल्या कडेला तांब्याचा धारदार काठ उरतो. तो रीमरनं काढताना पाइपाचं तोंड जमिनीकडे हवं, नाहीतर कीस आत पडतो आणि फिरत फिरत कॉम्प्रेसरपर्यंत जातो. मग आधी नट पाइपात ओवायचा आणि नंतर तोंड फुलवायचं. फुललेली कड आरशासारखी गुळगुळीत आणि सगळीकडून सारख्या रुंदीची दिसली पाहिजे. चीर किंवा एका बाजूला झुकलेली कड दिसली तर पुन्हा करायला सांगा. चांगला कारागीर याला नाराज होत नाही.

दोन्ही नळ्यांना फोमचं आवरण वेगवेगळं चढवा. घरगुती स्प्लिट एसीत गॅसचा दाब उतरवणारा भाग सहसा आउटडोअरमध्ये असतो, म्हणून बारीक नळीही थंड असते. दोन्ही एकाच आवरणात कोंबल्या तर त्या एकमेकींना उष्णता देत राहतात. उन्हात येणाऱ्या भागावर टेप गुंडाळा. नुसता फोम दोन उन्हाळ्यांत भुसभुशीत होतो.

६. व्हॅक्यूम आणि गॅस

पाइप जोडल्यावर आतली हवा आणि ओल काढावी लागते. घाईतला मेकॅनिक आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून हवा ढकलून देतो. आर-३२ च्या बाबतीत हे करू देऊ नका: गॅस जळणारा आहे, कंपनीनं मोजून भरलेलं वजन कमी होतं, आणि ओल आत राहून तेल बिघडवते. व्हॅक्यूम पंप लावायलाच सांगा. किमान पंधरा-वीस मिनिटं तो चालवावा. मायक्रॉन गेज असेल तर ५०० च्या खाली आकडा यावा. पंप बंद केल्यावर काही मिनिटं काटा जागचा हलता कामा नये. हलला तर कुठेतरी गळती आहे. पंप आणणार का, हे फोनवर वेळ ठरवतानाच विचारा.

नव्या एसीत गॅस भरलेलाच येतो, आणि तो ठरावीक लांबीच्या पाइपापुरता असतो. त्याहून लांब पाइप असेल तर दर मीटरला किती ग्रॅम वाढवायचा, ते पुस्तिकेत दिलेलं असतं. गॅस वजनकाट्यावरच भरावा. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलत राहतो आणि त्याबरोबर दाबही, म्हणून नुसत्या गेजवर गॅसचा अंदाज फसतो. जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा, ही समजूतही चुकीची. जास्त झाला तर बाहेरचा दाब चढतो आणि वीज वाढते.

७. आउटडोअरला मोकळी हवा

आउटडोअर जी उष्णता टाकतं, ती निघून गेली पाहिजे. बंदिस्त डक्टमध्ये, लोखंडी पेटीत किंवा वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. आत येणारी हवा एक अंशानं गरम झाली तरी वीज साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाढते. मागे वीतभर आणि समोर पूर्ण मोकळी जागा ठेवा. वरून छोटं छप्पर चालेल, पण बाजू झाकू नका. खालच्या घराच्या एसीची गरम हवा थेट आपल्या युनिटात येत असेल तर जागा बदला. समुद्राकाठी कॉइलच्या पात्यांवर मीठ बसतं. तिथे गंजरोधक लेप असलेली कॉइल निवडा आणि हंगामाच्या सुरुवातीला हलक्या धारेच्या पाण्यानं ती धुवा.

८. वीज

दीड टनाच्या एसीला स्वतंत्र लाइन, किमान अडीच चौरस मिलिमीटरची तार (अंतर लांब असेल तर चार), तिला साजेसा एमसीबी आणि पक्कं अर्थिंग हवं. महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो पुरतो का बघा. स्टॅबिलायझर लागतोच असं नाही. एसी किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं, ते आधी घरच्या व्होल्टेजशी ताडून बघा.

९. पंखाही संचात धरा

जानेवारी २०२० पासून भारतात एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावेत, असा नियम आहे. तापमान एक अंशानं वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतं. २६ अंश आणि सोबत हळू फिरणारा छताचा पंखा हे अंगाला २४ इतकंच बरं वाटतं. जुना पंखा पूर्ण वेगात ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा ३० च्या. पंख्याचा वारा थेट एसीच्या झोतावर आदळणार नाही, असा एसी बसवा.

थंडीत खोली गरम करायची सोय हवी असेल, तर गरम-थंड दोन्ही करणारा एसी घ्या. तो बाहेरची उष्णता आत ओढतो, म्हणून विजेच्या एका युनिटात रूम हीटरच्या दुपटी-तिपटीनं ऊब देतो. जोडीचे आणि पाइपाचे वरचे सगळे नियम त्यालाही तसेच लागू आहेत.

१०. बसवल्यावर मोजा

मेकॅनिक जायच्या आत दोन गोष्टी मोजा. एसी १८ अंशांवर आणि पूर्ण वेगात वीस मिनिटं चालवा. साध्या थर्मामीटरनं वरून आत जाणाऱ्या हवेचं आणि जाळीतून बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान घ्या. फरक ८ ते १२ अंशांचा असावा. त्याहून बराच कमी असेल तर गॅस, पाइप किंवा हवेच्या वाटेत दोष आहे.

मग घरातलं बाकी सगळं बंद करून वीजमीटरकडे जा. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटाला किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२००. मिनिटभरात तो किती वेळा लागला ते मोजा. त्याला साठानं गुणा आणि छापील आकड्यानं भागा, की किलोवॉट मिळतात. ४० वेळा लुकलुकला तर पाऊण किलोवॉट. हे माप एकदा पूर्ण भारावर घ्या आणि एकदा २६ अंशांवर तासभर चालल्यानंतर. इन्व्हर्टर एसीत दुसरा आकडा पहिल्यापेक्षा खूपच खाली यायला हवा. नाही आला, तर क्षमता किंवा जोडी चुकली आहे, आणि तक्रार त्याच दिवशी नोंदवायची.

महावितरणचे दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातात. एसीची युनिटं घरच्या नेहमीच्या वापरावर येऊन पडतात, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यात. वाचलेलं प्रत्येक युनिटही त्याच भावानं वाचतं.

दोन्ही आकडे, तारीख आणि त्या वेळचं बाहेरचं तापमान वॉरंटी कार्डाच्या मागे लिहून ठेवा. पुढच्या मार्चमध्ये तसंच ऊन असताना पुन्हा मोजा. वापर वाढलेला दिसला तर आधी फिल्टर धुवा, मग बाहेरची कॉइल. तरीही उतरला नाही, तर फ्लेअरच्या जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायला सांगा. गळती सापडून ती बंद होईपर्यंत कुणालाही नुसता गॅस भरू देऊ नका.